घर थोरलीचं, आणि ती एकटी राहणार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पाण्याच्या मोटारी आणि पंप दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे आणि देताना म्हणाले, "शुद्ध जरा जास्तच आहे, रात्री थोडी कमी करत जा." मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीला घातलेलं नाही. माझं याआधीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं पत्नीच्या नावे होतं, ते रद्द समजावं. ती माझ्या आधी गेली. माझं ऐकायची सवय तिला नव्हतीच.

मिळकत सगळी स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला एक पाना आणि तिखट कान एवढंच मिळालं. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की बेअरिंग गेलंय का पंखा घासतोय ते कळतं. या कानांवर मी घर उभं केलं. पण ते घरी आल्यावर बंद करता येत नाहीत, एवढी त्यांच्यात खोट आहे. हे मृत्युपत्र मी अशाच एका ऐकलेल्या बोलण्यापायी करतो आहे.

माझे वारस दोन. थोरली मुलगी, वय अडतीस, लग्न झालेलं नाही. धाकटा मुलगा, वय चौतीस. थोरलीची समज जन्मापासून सावकाश चालते. तिला घड्याळ कळत नाही, वाचन पाटीवरच्या नावापुरतं, पण एकदा हाताला बसलेलं काम ती विसरत नाही. धाकटा नोकरीत हुशार आहे, बायकोमुलांत रमलेला आहे, आणि बहिणीवर त्याचा जीव आहे. हे शेवटचं आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविरुद्ध बरंच लिहायचं आहे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं माझं घर थोरलीला. तिच्या हयातीत ते विकू नये, भाड्याने देऊ नये आणि तिला तिथून प्रेमाने हलवू नये. "प्रेमाने" हा शब्द वकीलबाईंनी काढायला सांगितला. कायद्यात त्याला वजन नाही म्हणाल्या. मी ठेवला, कारण धोका तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी छातीत पाणी झालं म्हणून मी रुग्णालयात होतो. डोळे मिटून पडलो होतो, त्यामुळे मी झोपलोय अशी सगळ्यांची समजूत. खाटेशी धाकटा आणि मुलांची मावशी बोलत होते.

"बाबांनंतर ताईला आमच्याकडेच नेतो," धाकटा म्हणाला. "घर भाड्याने देऊ. पैसे तिच्याच नावावर टाकू."

"नाहीतर काय," मावशी म्हणाली. "एकटी काय करणार बिचारी? गॅस उघडा टाकेल एखाद दिवशी. तुझ्याकडे बसेल आपली टीव्ही बघत. तिला कुठे काय करायला लागतंय?"

यात वाईट असं काहीच नव्हतं, म्हणूनच मला घाम फुटला. चांगली हातीपायी धड बाई उरलेलं सगळं आयुष्य पाहुणी होऊन टीव्हीपुढे बसणार आणि बाकीचे एकमेकांची पाठ थोपटणार. परिचारिकेने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "वा, ताप उतरतोय."

कलम २. हत्यारं. माझा पान्यांचा संच, टेस्टर, पकडी आणि कामाची जाड फडकी थोरलीला. फडकी का, ते सांगतो.

आई होती तोवर आईने तिला काडी इकडची तिकडे करू दिली नव्हती. शिकवायचं माझ्यावर आलं आणि मला रीत येते ती दुकानातलीच. पंप खोलताना भाग जसे निघतील तसे फडक्यावर ओळीने मांडायचे, जोडताना उलटे उचलत यायचं. शेवटी फडकं रिकामं दिसलं पाहिजे. स्क्रू उरला तर काम झालेलं नाही. हेच मी स्वयंपाकाच्या ओट्यावर आणलं. भात करायचा, तर तांदळाची वाटी, पाण्याचं भांडं, मीठ, कुकरचं झाकण, शिट्टी, लायटर, सगळं डावीकडून उजवीकडे मांडायचं. ओळीच्या शेवटी बाटलीचं एक लाल बूच. लाल बूच म्हणजे गॅस बंद. ते उचलून खिशात टाकल्याशिवाय ताट घ्यायचं नाही.

सुरुवातीला तिने जेवण झाल्यावर कुकरही खोलला. हँडलचे स्क्रू, रबर, झडप, सगळं फडक्यावर ओळीत. मी म्हणालो, "अगं, हा कशाला?" तर म्हणे, "जोडायचाय." जोडला. कित्येक वर्षं डुगडुगणारं हँडल त्या दिवसापासून हलत नाही.

बाजाराला जाताना संपलेल्या वस्तूंची रिकामी पाकिटं पिशवीतून नेते आणि दुकानदारापुढे मांडते. ही युक्ती तिची तिने काढली. चादरी वाळत घालणं, नासलेलं दूध वासावरून ओळखणं, दाराबाहेरच्या अनोळखी माणसाला "आत्ता नको" म्हणणं, हे हळूहळू आलं. "आत्ता नको" सगळ्यात उशिरा आलं, आणि आल्यावर पहिल्यांदा मलाच म्हणून झालं.

कलम ३. माझे गुलाबी शर्ट. हे मुळात पांढरे होते. थोरलीने कपडे धुण्याच्या शिक्षणात ते एका नव्या लाल टॉवेलबरोबर भिजवले. मी ते घालून दुकानात गेलो, तेव्हा समोरच्या दुकानातला पंपवाला रस्ता ओलांडून विचारायला आला, "शेठ, या वयात कुठे जमवलंत?" वर वर्षभर त्याने गिऱ्हाइकांना तेच ऐकवलं. सदर शर्ट त्याला द्यावेत. त्याच्या मापाचे नाहीत, याची मला कल्पना आहे.

कलम ४. चिनी मातीचा चहाचा सेट मुलांच्या मावशीला. तिने तो पत्नीकडे तीनदा मागितला होता, आणि पत्नीने तीनदा विषय बदलला होता. अट एकच. थोरलीकडे गेल्यावर मावशीने खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात जायचं नाही. "सर गं, मी करते" हे शब्द उच्चारले, तर सेट थोरलीकडे परत. मावशीने हे ऐकून मला खडूस म्हटलं आणि अट मान्य केली.

कलम ५. दुकान, चालू कामांसह आणि गिऱ्हाइकांच्या कटकटीसह, माझ्या कारागिराला. तो आला तेव्हा त्याला मिशी नव्हती, आता ती पिकली आहे.

कलम ६. शिल्लक. दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. थोरलीचा वाटा बँकेत राहील आणि तिच्या खर्चाला दरमहा खात्यात येईल. ही व्यवस्था वकीलबाई पाहतील. थोरलीपुढे सहीसाठी कोणीही कागद ठेवला, तर वकीलबाई समोर असल्याशिवाय ती सही ग्राह्य धरू नये. "कोणीही" यात नातेवाईक आधी येतात.

कलम ७. थोरलीच्या एकटं राहण्याबद्दल. घर तिच्या नावे करून भागणार नाही, हे मला धाकट्याने शिकवलं, ते असं.

गेल्या हिवाळ्यात मी पथारी घेऊन दुकानाच्या माळ्यावर राहायला गेलो. महिनाभर ती एकटी राहील, मग मी परत येईन, असं ठरलं होतं. आठवडा बरा गेला. मग एका सकाळी तिच्या बेसिनचा नळ मुळापासून निखळला आणि पाण्याचा फवारा छताला लागला. ती चिंब भिजून गच्चीवर गेली आणि टाकीखालचा मोठा व्हॉल्व्ह फिरवून मोकळी झाली. सगळी इमारत कोरडी. मग फोनमधल्या प्लंबरच्या फोटोवर बोट ठेवून त्याला बोलावलं आणि प्रत्येक दार वाजवत खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुरुजींनी दार उघडलं ते अर्ध्या दाढीला साबण लावून.

"पाणी गेलं का गं?"

"नाही. मी बंद केलंय."

"तू? ते का?"

"नळ तुटला. आधी पुरवठा बंद, मग बाकीचं."

"मग माझ्या तोंडाचं काय?"

"पुसा," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली.

हे संभाषण मला गुरुजींनीच ऐकवलं. पण त्याआधी इमारतीतल्या कोणीतरी धाकट्याला फोन केला होता. तो कामावरून तसाच धावत आला आणि तिथून थेट माळ्यावर चढला.

"बघितलंत? ताईने अख्ख्या इमारतीचं पाणी तोडलं."

"बघितलं. घर वाहून जाण्यापासून वाचवलं. आणि मला हाक मारली नाही."

"कारण तुम्ही दोन गल्ल्यांवर आहात, हे तिला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळे सांभाळून घेतात. तुम्ही नसाल तेव्हा? प्लंबर नाही आला तर?" मग तो माझ्या पथारीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मला त्या कल्पनेने झोप लागत नाही हो."

मोटारीचा आवाज खोटा नसतो, तसाच तो आवाज होता. माझ्या मरणानंतरची तारीख घालून मी जे ठरवत होतो, ते मरणानंतर पहिल्यांदाच घडणार होतं आणि त्याचा भार पडणार होता त्याच्यावर. मी म्हणालो, "मग मी असतानाच सवय करू. तिने एकटं राहायची आणि तू झोपायची. काही बिघडलं तर दुरुस्तीला मी अजून आहे."

सबब, मी घरी परत गेलो नाही. प्लंबरने तिच्या घरापुरता वेगळा व्हॉल्व्ह बसवून दिला. गुरुजी दाढी करण्याआधी बादली भरून ठेवतात. धाकटा सुरुवातीला रोज फोन करायचा, आता तिचा आला नाही तर करतो. पुढे काय करायचं, ते तो असा माझ्या देखत शिकतो आहे. माझ्या पश्चात त्याने तेच चालू ठेवावं: बोलावलं तर जावं, विचारलं तर सांगावं, हातातलं काम काढून घेऊ नये.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम तुम्ही आत्ताच लागू केलंत."

मी म्हणालो, "गेल्यावर बघायला मिळत नाही हो."

गेल्या रविवारी मी धाकट्याला घेऊन माझा चष्मा आणायला तिकडे गेलो. खिशातल्या किल्लीने दार उघडलं आणि आत शिरलो. थोरली टेबलाशी जेवत होती. तिने मान वर करून सांगितलं, "बाबा, बेल वाजवून यायचं."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. तिने घास संपवला असावा, कारण उघडायला वेळ लागला.

"दोघं आलात? फोन करायचा. भात एकटीपुरताच केलाय."

"मग आम्ही काय खायचं, ताई?" धाकट्याने विचारलं.

"अंडी आहेत. पाव नाही. तू आण."

तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. मी माझ्याकडची किल्ली काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती उचलून खिळ्याला अडकवली आणि अंडी फोडायला घेतली. त्या घराची माझ्याकडे असलेली शेवटची वस्तू ती होती, आणि ती या मृत्युपत्रात धरू नये. ती दिलेली आहे.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि थोरली व धाकटा यांना एकत्र बसवून वाचून दाखवला. धाकट्याने हरकत घेतली नाही. थोरलीने कुकरच्या मजकुराला हरकत घेतली, हँडल आधीपासून घट्ट होतं म्हणते. मी बदल केलेला नाही.

मृत्युपत्राची अंमलबजावणी: वकीलबाई

साक्षीदार: १. गुरुजी, दुसरा मजला. साक्षीदाराला काही देता येत नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याला काही नाही. २. डॉक्टर, ज्यांनी शुद्धीचा दाखला दिला.

दोघांनी माझ्या समोर आणि मी त्यांच्या समोर सही केली.

सही: मोटारवाले
ठिकाण: दुकानाचा माळा, हल्लीचा राहता पत्ता
दिनांक: ९ मार्च