बिजलीवीर डावखुरा निघाला

९ जानेवारी १९९५, सोमवार
चामोर्शीत बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट भरलाय अन् पटाच्या मैदानावर टूरिंग टॉकीज आलीय. पिक्चर बिजलीवीरचा! ज्याची कॉमिक्स मी दुकानात गिऱ्हाइकांसाठी ठेवतो आणि गिऱ्हाइकांना हात लावू देत नाही, तोच. शाळेनं हाकललेला हा गफ्फार टेलर वाचायला शिकला तो त्याच्याच जोरावर.
नात आफ्रीनला शाळेच्या ग्यादरिंगमध्ये बिजलीवीर व्हायचंय. सुनिल गुरुजींनी तिला फुलपाखरांत टाकलं होतं. आज जाऊन भिडलो. गुरुजी म्हणाले, ड्रेस पिक्चरसारखा हुबेहूब आणा, नाई तं फुलपाखरू. शब्द दिला. पोरगी दुकानभर उड्या मारत होती.
संकल्प: आज पिक्चर पारखी नजरेनं पाहणे. शिट्टी न मारणे.

१० जानेवारी, सकाळी
पाहिला. शिट्टी मारली, पण टीका म्हणून.
पडद्यापुढं मुंगीला जागा नव्हती. बायको सलीमा तरी घुसली. मी शहाणपणानं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. अर्धं तिकीट, पाय पसरायला ऐसपैस जागा, कापड पातळ, सगळं आरपार दिसतं.
माझं मत: डायरेक्टरनं कॉमिक्स उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही. बिजलीवीर वीज फेकतो उजव्या हातानं, इथं डाव्या. छातीवरची वीज पाहिजे डावीकडे, इथं उजवीकडे. त्याची आई चक्क डाव्या हातानं वाढते! अन् सुरुवातीची नावं तेलुगूत. आंध्राच्या सीमेवरच्या सिरोंच्याकडच्यांची सोय केली असेल, पण चामोर्शीच्या माणसानं वाचायचं काय?

१२ जानेवारी
चहाच्या टपरीवर मत सविस्तर मांडलं. टपरीवाला जंगू म्हणतो, "गफ्फारभाऊ, उजवाच हात होता नं! मी पुढं बसलो होतो." म्हटलं, पुढं बसून नजर येत नाही, गड्या. सगळे हसले. जंगूला वाईट वाटलं असेल.
ड्रेसचा पेच. कॉमिक्स म्हणते डावीकडे, पिक्चर म्हणतो उजवीकडे. गुरुजींनी पिक्चरसारखा सांगितलाय. काळजावर दगड ठेवून निळ्या सॅटिनवर वीज उजवीकडे लावली. मत आपलं, माप गिऱ्हाइकाचं.

१५ जानेवारी
आफ्रीनची डाव्या हातानं वीज फेकायची प्रॅक्टिस. माठ फुटला. सलीमा म्हणते, "पोरीले काऊन खुळी करून राह्यले? तुमी मांगून पाह्यलं, म्हून उलटं दिसलं."
इतकी वर्षं टेलरच्या घरात काढून ही समज! मागून पाहिल्यानं कधी माणसाचा हात बदलतो? बदलत असता तर पाठीचं माप घेताना मी केवढा चुकलो असतो.

१७ जानेवारी
काल सलीमानं दंडाला धरून पडद्यापुढं बसवलं. आश्चर्य! हात उजवा, वीज डावीकडे, नावं हिंदीत. एकूण एक चूक दुरुस्त! म्हणजे टपरीवरचं माझं बोलणं मुंबईपर्यंत पोचलं. कदर करणारी माणसं आहेत अजून. शिट्टी मारली, मनापासून.
अर्ध्या रस्त्यात ड्रेस आठवला.

१८ जानेवारी
वीज उसवली. खाली सॅटिनला सुईच्या भोकांची चाळण, अन् ओढताना टरकन फाटलंही. गावात दुसरं निळं सॅटिन नाही. फाटलेलं झाकायला वीज पुन्हा उजवीकडेच बसवली. गुरुजी समजूतदार आहेत.

१९ जानेवारी
गुरुजी म्हणाले, "चाचा, हे उलटं झालं." मी समजावलं की हा दुरुस्तीच्या आधीचा पिक्चर आहे. त्यांनी ड्रेस घडी करून माझ्या हातात दिला. मग आफ्रीनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, फुलपाखरू.
पोरगी रडली नाही. माझं बोट धरून म्हणाली, "चला दादा, घरी." रडली असती तर बरं झालं असतं. मला तरी सोबत झाली असती.
सलीमानं मशीनवर पिवळं कापड आणून आपटलं. "घ्या. फुलपाखराले डावं-उजवं नसते. शिवा आता बिनधास्त."

२१ जानेवारी, शनिवार
पोरगी झकास नाचली. सगळ्या फुलपाखरांत उठून दिसली, कारण ती सारखी एकाच बाजूला कलंडत होती. एक पंख चार बोटं आखूड होता.
माप बरोबर होतं. कापड आखडलं.