इतिवृत्तातील माझे शेपूट

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
अन्न व बियाणे विभाग,
दुसरा मजला.

विषय : जाहीर सुनावणीच्या इतिवृत्तात मला फुटलेले शेपूट काढून टाकणेबाबत.
संदर्भ : जनुकबदल केलेल्या टोमॅटोवरील सुनावणी, आणि माझे आधीचे अर्ज, जे निकाली निघालेले नाहीत.

महोदय,

१. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहे. सदर सुनावणीत बियाणे कंपनीने आपला टोमॅटो कापून ताटलीतून फिरवला. सगळे एकमेकांची तोंडे बघत बसले. कामगारांना रोज मी जेवू घालतो, तर आधी आपणच चाखावे म्हणून मी एक फोड खाल्ली. मागून कुणी ओरडले, "काय झालं रे आचारी?" मी म्हटले, "शेपूट फुटलं!" सभागृह हसले. आपणही हसलात, मी पाहिले. फक्त आपला लेखनिक हसला नाही. त्याने लिहिले : "एका नागरिकास सेवनानंतर शेपूट फुटले."

२. या टोमॅटोच्या विरोधकांनी माझा फोटो फलकावर चढवला. असे काही नाही हो, म्हणून सांगायला गेलो, तर म्हणाले, "घाबरू नका दादा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." पाठीशीच आहेत, तिथूनच निरखतात. कंपनीने लेखी कळवले की शेपूट आधीपासूनचे असावे. त्यांच्या तज्ज्ञाने लांबी विचारली. शेपूट नाहीच असे म्हणणारा या वादात मी एकटा, आणि माझा त्यात स्वार्थ आहे म्हणून माझे म्हणणे कुणी धरत नाही.

३. बाधित माणसाने अन्नाला हात लावू नये, असे सांगून व्यवस्थापकाने मला घरी बसवले. महिनाअखेर शेपूट नसल्याचे आपले पत्र नेले नाही तर माझ्या जागी दुसरा आचारी येणार. आपले कार्यालय म्हणते, नोंद खोडता येत नाही, शेपूट काढल्याचा दाखला आणा. डॉक्टर म्हणतात, "जे नव्हतंच ते काढलं असं कसं लिहू?" नव्हतेच असा दाखला त्यांनी दिला, तो आपण 'इतिवृत्ताशी विसंगत' म्हणून परत केलात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. घरी बायको खुर्ची पुढे सरकवते आणि म्हणते, "जपून बसा हं. जगाला हसवायला गेला होतात ना!"

४. ती फोड गिळल्यावर मी एक प्रश्नही विचारला होता. आत कुठला टोमॅटो आहे ते पेटीवर लिहिणार का? खा म्हणत नाही, खाऊ नका म्हणत नाही, माझ्या पातेल्यात काय पडते तेवढे मला कळू द्या. कंपनीने ताटली झाकली. विरोधकांनी फलक गुंडाळले. आपण घड्याळ पाहिलेत. तो प्रश्न इतिवृत्तात नाही. शेपूट आहे.

तरी नोंद खोडणे नियमात बसत नसेल, तर सरकारी रुग्णालयात मला एक शेपूट बसवून देण्याचा आदेश व्हावा. ते मी दुसऱ्याच दिवशी कापून घेईन, दाखला जोडीन आणि पुन्हा शेगडीपुढे उभा राहीन. मात्र शेपूट ज्या पेटीतून येईल, तिच्यावर आत काय आहे ते लिहिलेले असावे.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
कँटीनचा आचारी, सध्या घरी
दिनांक : १७ जून

सोबत : १) परत आलेला दाखला. २) माझा पाठमोरा फोटो, दोन प्रती.