अब्रिगोचा कोट

ती. दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. क्षेम काही नाही. तुमच्या बहिणीबद्दल लिहायचं आहे, तेव्हा आधी बसून घ्या.

हल्ली ही भाजी चिरताना स्वतःशीच ‘अब्रिगो, अब्रिगो’ पुटपुटते. मी आत आलो की गप्प. (माझं नाव हिने लग्नात घेतलं तेवढंच, पुढे नुसतं ‘अहो’. असो.) परवा कपाटात चादरींखाली पुरुषाचा कोट सापडला! नवाकोरा, रेशमी अस्तर, टाके हिच्याच हातचे. वर टाचणीने आपल्याच दुकानाची चिठ्ठी: ‘कोट – अब्रिगो’. आता आम्हा शिंप्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आधी कपडा, पुढे गिऱ्हाईक. ‘पॅन्ट – पोस्टमास्तर’, ‘झबलं – डॉक्टरीणबाई’. मग हा अब्रिगो कोण, ज्याचा कोट दुकानात न येता माझ्या कपाटात दडतो? मी टेप लावली. पोट छातीपेक्षा मोठं, डावा खांदा उतरलेला. असल्या बेढब माणसात हिने काय पाहिलं, देव जाणे! दादा, खरं सांगतो, ही निघून गेली तर मी या घरात काय करू? जेवण जात नाही. रागाच्या भरात दोन्ही बाह्या उसवून टाकल्या. तुम्ही मिळेल त्या गाडीने या आणि तिला चार शब्द सुनवा.

तुमचा मेहुणा (तूर्तास)

ता. क. पाकीट चिकटवणार तोच लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाईंना स्पॅनिशशिवाय काही येत नाही (हे माहीत होतं), म्हणून ती आईला रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचं स्पॅनिश शिकवते (हे नव्हतं). कोटाला तिकडे म्हणे अब्रिगो म्हणतात. वर म्हणाली, बाबा, इथे थंडी फार, येताना आईने शिवलेलाच घाला. मी तो बिनबाह्यांचा कोट अंगात घातला. पोटावर आणि खांद्यावर असा चपखल बसला की आरशात बघवेना.

आणखी ता. क. तुम्ही येऊ नका. गुडघ्याचं निमित्त करून हिलाच तिकडे बोलवा आणि बाह्या लावून होईपर्यंत सोडू नका. पाया पडतो.

शेवटचं. बोलावूही नका. हिने मागे उभं राहून सगळं पत्र वाचलं. आधी बाह्यांसाठी रडली, मग पोटाचं वाचून हसत सुटली. आता ‘अहो’ बंद झालं आहे. आतून ‘अब्रिगो, पानं वाढलीत’ अशी हाक आली, तेव्हा उठतो.