गोदूबाईंची महिनाभर पुरणारी बाटली

१४ नोव्हेंबर १९५५, सोमवार
आमच्या कल्याणच्या धर्मार्थ दवाखान्यात आजपासून फार्मसीचे दोन विद्यार्थी शिकायला आले. नीला आणि उत्तम. पहिलंच वर्ष, तरी थेट पेशंटसमोर! मी इथे बावीस वर्षं कंपाउंडर. नव्या कायद्याने आता नोंदणी हवी, तिला डॉक्टर गुप्त्यांचा दाखला हवा. तो शनिवारी देणार. नाही दिला तर औषधाची खिडकी सुटली. पण देणारच. या मुलांना शिकवणार कोण? संकल्प: त्यांनी मला 'सर' म्हणावं. आपण सुचवायचं नाही.

१५, मंगळवार
स्नान, स्तोत्र, मग मिक्श्चर. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कशी कातरायची ते दाखवलं. उत्तमची पट्टी माझ्याहून सरळ आली. त्याची कात्री चांगली असणार. (कात्री माझीच होती.) दोघं 'अण्णा' म्हणतात.

१६, बुधवार
माझं तत्त्व सांगितलं. बाटली देताना प्रत्येकाला म्हणायचं, तीर्थ समजून घ्या. श्रद्धेशिवाय गुण नाही. पुरावा आमच्या जुन्या पेशंट गोदूबाई. इतरांची खोकल्याची बाटली तीन दिवसांत संपते, त्यांना महिनाभर पुरते. नीलाने वहीत लिहून घेतलं. गुणी मुलगी.

१७, गुरुवार
नीला विचारते, मग त्यांचा खोकला गेला का? म्हटलं, खोकला जुना आहे. फार प्रश्न विचारते.

१८, शुक्रवार
गोदूबाई आल्या. नीला म्हणाली, आजी, औषध कसं घेता, दाखवा बघू. गोदूबाईंनी चपला काढल्या, तळहाताचा खळगा केला, चार थेंब घेतले, डोळे मिटून प्यायल्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. मग बाकावरच्या बायकांना वाटू लागल्या. घ्या गं, अण्णांचं तीर्थ! घरी सुनेला देते, नातवंडांना देते, तुळशीलाही घालते म्हणाल्या. उत्तम तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. डॉक्टर दारातच उभे. म्हणाले, अण्णा, निदान तुळशीचा खोकला तरी गेला असेल.
बावीस वर्षं मी द्यायचं कसं तेच पाहिलं, घेतात कसं ते नाही. पण दोष खिडकीचा. फार लहान आहे.

१९, शनिवार
दाखला नाही. डॉक्टरांनी विद्यार्थ्यांची हजेरीवही मागवली. नीला, उत्तम, आणि त्याखाली माझं नाव लिहिलं. वय ४९. तीन महिने नीलाबरोबर बाकावर बसायचं, प्रत्येक पेशंटला विचारायचं, औषध कसं घेता. मग दाखल्याचं बघू. खिडकीत उत्तम.
वर्गात सर्वांत सीनियर मीच.
वाटेत गोदूबाई भेटल्या. काल नीलाने समजावल्यापासून पट्टीप्रमाणे घेतात. रात्री खोकल्याविना झोप लागली म्हणाल्या. पण अण्णा, तुमचं तीर्थ इतकं कडू आहे हे कालच कळलं हो!
सोमवारपासून नीलाला काय म्हणायचं हा प्रश्न आहे. 'बाई' म्हणावं, असं तिने अजून सुचवलेलं नाही.