तीनदा दिलेलं वाक्य

मंगळवार, ३ मार्च

जिवंत आहे. आधी एवढंच लिहिते. दादा जिवंत आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेय. पर्समध्ये वही होती म्हणून लिहितेय, नाहीतर भिंतीवर डोकं आपटत बसले असते. वहिनी आत कसल्या कसल्या कागदांवर सह्या करतायत.

दुपारी चारची तालीम. तिसरा अंक. दादाच्या हातात पत्र. त्याने म्हणायचं, "पत्र कुणी फोडलं?" मग खुर्चीत बसायचं, आणि पुढे अर्ध्या पानानंतर नाटकातला तो बाप कोसळतो. हा वाक्य न म्हणताच कोसळला. उभ्याचा आडवा!

दिग्दर्शक खालून ओरडले, "वा! हेच ठेवायचं!" दोघाचौघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दादा घोरल्यासारखा आवाज काढत होता. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे!

मग उजेड — आमचा लाइटवाला, त्याला सगळे उजेडच म्हणतात — शिडीवरून धडधडत उतरला. सगळ्यांना बाजूला सारून दादाशेजारी गुडघ्यांवर बसला. "हा श्वास नाहीये! अँब्युलन्स बोलवा कुणीतरी!" आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून छाती दाबायला लागला. जोरात, भराभर. कडकन आवाज आला. बरगडी. मी किंचाळले, "अरे, मोडतोयस त्याला!" तर म्हणतो, "मोडू दे. बरगडी जुळते."

पाचेक मिनिटांनी त्याचा चेहरा घामाने निथळत होता. "ताई, माझे हात गेले. या तुम्ही! मोजत दाबा!" मी मोजलं. एक ते तीस, परत एक ते तीस. ज्या छातीवर डोकं ठेवून लहानपणी मी रडायचे ती छाती! काय करतेय काही कळत नव्हतं, फक्त आकडे येत होते.

अँब्युलन्समधल्या मुलीने छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, सगळ्यांना मागे सरकवलं, शॉक दिला. काही नाही. परत दाबणं. दुसरा शॉक. मग ती म्हणाली, "नाडी आली."

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहायचा धीर नाही.

बुधवार, ४ मार्च

लिहिते.

अख्ख्या नाट्यगृहात संहिता फक्त माझ्या हातात होती. विंगेत, माझ्या नेहमीच्या स्टुलावर. बाकीच्यांना वाटलं पडायची जागा आली असेल. मला एकटीला ठाऊक होतं, इथे पडायचं नाहीये. आणि मी काय केलं? वाक्य दिलं! हळूच — "पत्र कुणी फोडलं..." त्याने घेतलं नाही. परत दिलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने दिलं.

बावीस वर्षं प्रॉम्प्टिंग करतेय. नट थांबला की वाक्य द्यायचं, बाकी डोकं चालवायचं नाही. दादाला मात्र कधीच द्यावं लागलं नाही, त्याचं पाठांतर चोख. म्हणून तर — लिहायची लाज वाटते — हसू आलं मला. म्हटलं, अखेर विसरला एकदाचा, आता वर्षभर चिडवीन.

माझा भाऊ जमिनीवर मरत होता आणि मी त्याचं वाक्य देत होते.

डॉक्टर बाईंनी काल विचारलं, "पडल्यापासून छाती दाबेपर्यंत किती वेळ गेला?" वहिनी शेजारीच होत्या. मी म्हणाले, "लगेच सुरू केलं."

गुरुवार, ५ मार्च

नळ्या, यंत्रं. अंग मुद्दाम थंड ठेवलंय, झोपेचं औषध चालू आहे. हृदयाची बंद पडलेली नळी उघडली म्हणाले. पण मेंदूचं आत्ताच काही सांगता येत नाही. "वाट बघा."

वहिनी मला कुशीत घेऊन म्हणाल्या, "तू होतीस म्हणून वाचला गं." चहा आणायच्या निमित्ताने मी तिथून निघाले.

शुक्रवार, ६ मार्च

घरी आंघोळीला आले होते. खोलीचं दार लावून, घड्याळासमोर उभी राहून करून बघितलं. पहिल्यांदा वाक्य. थांबले, तिथे थांबले होते तेवढी. दुसऱ्यांदा. थांबले. तिसऱ्यांदा. मग उजेड उतरून येईपर्यंत.

पन्नास सेकंद.

परत केलं. बावन्न!

रविवार, ८ मार्च

झोपेचं औषध कालपासून बंद. उठत नाही. हाक मारली, चिमटा काढला, डोळ्यात बॅटरी मारली. पापणी हलते, पण बघत नाही. वहिनी त्याच्या कानाशी शाळेतल्या गमती सांगत बसतात. त्या शिक्षिका, म्हणून दादा त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून "मास्तरीणबाई" म्हणतो. खरं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

मला वाटतं ते पन्नास सेकंद त्याच्या डोक्यातून काहीतरी घेऊन गेलेत. काय नेलं असेल? चालणं? आम्ही?

उजेडचे फोन येतात. उचलत नाही. त्याने सगळं ऐकलं असणार. शिडी माझ्याच विंगेच्या डोक्यावर होती. तो एक शब्द बोलला की संपलं!

सोमवार, ९ मार्च

सांगून टाकलं. वहिनींना नाही, डॉक्टर बाईंना. व्हरांड्यात गाठलं. "मी खोटं बोलले. पाऊण मिनिटाच्या वर गेलं." का, तेही सांगितलं.

त्यांनी कागदावर नीट लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या घोरण्याने भलेभले फसतात."

"फरक पडतो का?"

"पडतो. एकेका मिनिटाने पडतो. पण यांच्या बाबतीत किती पडला, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, ११ मार्च

वहिनींनी "हात दाब" म्हटलं. दाबला!! दोनदा!!

शनिवार, १४ मार्च

घशातली नळी काढली. आवाज घोगरा. पहिला प्रश्न, "प्रयोग कधी आहे?" आम्ही रडलो. पाच मिनिटांनी परत, "प्रयोग कधी आहे?" मग परत. सोळा वेळा विचारलं. सोळाव्यांदा कुणी रडत नव्हतं.

पडल्याचं आठवत नाही. नाटक कुठलं, आठवत नाही. महिना कुठला, माहीत नाही.

शुक्रवार, २७ मार्च

घरी आणलं. छातीत त्वचेखाली एक यंत्र बसवलंय, परत तसं झालं तर आतूनच शॉक देईल.

चालतो. जेवतो. माणसं ओळखतो. पण शब्द अडकतात. चमच्याला "ते... ते ढवळायचं" म्हणाला आणि स्वतःच इतका घाबरला की चमचा खाली ठेवला. ज्याला चार-चार अंक तोंडपाठ, तो चमच्यापाशी अडला. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, जरा थांबा आणि मग शब्द सांगा. वहिनी सांगतात. मी ओठ घट्ट मिटून बसते. मला जमत नाही. तोंड उघडलं की ते पत्र, ती रंगमंचाच्या फळ्यांवरची धूळ, त्याचा तो आवाज.

वहिनी चिडल्या शेवटी. "अगं, तुझा धंदाच आहे ना हा? सांग की त्याला!"

मी उठून वर माझ्या खोलीत गेले.

गुरुवार, २ एप्रिल

वहिनी शाळेत, घरी आम्ही दोघंच. तो आरामखुर्चीत पेपर वाचत होता. वर बघते तर मान कललेली, पेपर खाली, आणि घोरणं! एक सेकंद नाही घालवला. खुर्चीतून ओढून जमिनीवर पाडला, गुडघे टेकले, हात ठेवले —

"अगं ए! वेडी झालीस का? बरगड्या दुखतायत माझ्या! झोपलो होतो!"

एवढं लांब वाक्य! एकाही शब्दाला न अडकता! मी तिथेच फतकल मारून हसत सुटले. मग रडायला लागले आणि थांबेचना. तो डोक्यावर थापटत राहिला, कशासाठी ते न कळून.

रविवार, ५ एप्रिल

उजेड आला. न कळवता, थेट दारात. तोंड चुकवायला जागाच नव्हती. दादाशी तासभर गप्पा मारल्या. निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि एकदाचं विचारून टाकलं, "तू तर वर, पाठमोरा, तार जोडत होतास. तुला कळलं कसं?"

"बघितलं कुठे मी? तुम्हीच तर सांगितलंत."

"मी?"

"वाक्य दिलंत ना. इतकी वर्षं तुमच्या डोक्यावर काम करतोय, दादांना कधी वाक्य दिलंत तुम्ही? पहिल्यांदा ऐकलं, वाटलं भास झाला. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा पक्कड खिशात टाकली. तिसऱ्यांदा दिलंत आणि उतरलो. दादा, आणि तीनदा? खालचे सगळे टाळ्या वाजवत होते, ताई. तुम्ही गप्प बसला असतात, तर मी अजून तारच जोडत असतो."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तो चपला घालून गेलासुद्धा.

आतून दादाचा आवाज आला. "अगं... अगं ए..." अडकला. वहिनी त्याच्या समोरच होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मास्तरीणबाई," मी दारातून दिलं. हळू, पण त्याला ऐकू जाईल असं.

त्याने घेतलं.