एकतीस नंबरचं पाकीट

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! सकाळी चांदी पंच्याण्णव टक्के, दुपारी एकसष्ट. नाणं एकच, यंत्र एकच, मोजणारी मीही तीच. फरक इतकाच की दुपारी कडेचा तिळाएवढा भाग घासून आतला धातू उघडा केला होता. दोन हजार वर्षं मातीत राहिलं की वरवरचं तांबं निघून जातं, उरते ती चांदीची साय. आपण साय चाखायची आणि म्हणायचं, दूध काय घट्ट आहे!

पाठ धरली आहे. अजून नऊ नाणी बाकी.

४ फेब्रुवारी

जेवताना बाबांनी विचारलं, एकतीस नंबर बघितलंस का. हो म्हटलं. बघितलेलं नाही. साठांपैकी दहाच निवडली आहेत, त्यात एकतीस नाही. पण हल्ली ते गॅस बंद केला का, हेही चारदा विचारतात. दर वेळी खरं उत्तर द्यायला अंगात त्राण कुठून आणू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दहाही झाली. पहिल्या राजाची नाणी आतूनही चोख. नातवाची मात्र एकसष्ट, अठ्ठावन्न, एक तर बावन्न! भेसळच ती, दुसरं काय म्हणायचं.

बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी हीच नाणी याच खोलीत मोजली. तेव्हा ओरखडा काढायचीही परवानगी नव्हती, म्हणून वरूनच मोजली. त्यावर पुस्तक लिहिलं – चांदी शेवटपर्यंत शुद्ध राहिली. आता ते वाक्य संग्रहालयाच्या नव्या दालनात भिंतभर रंगवणार आहेत. वीस तारखेला बाबांचा सत्कार. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकलाय. आणि भिंत रंगवण्याआधी आकडे तपासून द्यायचं काम कोणाकडे, तर माझ्याकडे! आपलेच दात, आपलेच ओठ.

१० फेब्रुवारी

आमचे संचालक, म्हणजे घाईसाहेब (नाव मीच ठेवलंय, वाक्य संपायच्या आत खोलीबाहेर असतात), अहवाल शुक्रवारपर्यंत हवा म्हणाले. मी सांगितलं, कडेला वेगळंच दिसतंय. ते बसलेसुद्धा नाहीत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. वरचे आकडेही खरेच आहेत ना?"

खरे आहेत. तीच तर पंचाईत आहे.

११ फेब्रुवारी

दमले.

१२ फेब्रुवारी

दादाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, आई गेल्यापासून त्यांच्याकडे ते पुस्तकच उरलंय, तेवढं तरी राहू दे. दुरून सल्ला द्यायला त्याचं काय जातं! पण चूक बोलला, असंही म्हणता येत नाही.

संध्याकाळी शर्ट आला. बाह्या लांब झाल्यात. आरशासमोर उभं राहून बाबांनी पुन्हा विचारलं – एकतीस? मी खेकसले, झालं म्हटलं ना! ते एकेक बटण काढत बसले. मग मीच बाह्या दुमडून टाके घातले. लाज वाटत होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिला अहवाल. "वरच्या थराचे आकडे पूर्वीच्या निष्कर्षाशी जुळतात." एक शब्द खोटा नाही! कडेचे आकडे माझ्या वहीतच ठेवले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा केलं.

घरी येऊन बाबांना म्हटलं, जुळले तुमचे आकडे. वाटलं होतं, खुलतील. ते नुसतं "हं" म्हणाले आणि जेवण अर्धं टाकून उठले. बरं वाटत नाही का विचारलं, तर दार लोटून घेतलं. आता ह्यांना काय झालं? ज्याच्यासाठी करावं त्यालाच गोड लागत नाही.

१७ फेब्रुवारी

उद्या सत्काराच्या फलकासाठी प्रयोगशाळेत बाबांचा फोटो काढणार आहेत. माझाही, त्यांच्या शेजारी उभी करून. घाईसाहेबांची कल्पना. झोपेचं खोबरं झालंय, फोटोत डोळ्यांखालची काळी वर्तुळं तेवढी छान येतील.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोटोवाला दिवे लावत होता, तोवर बाबांनी मला कपाट उघडायला लावलं. एकतीसचं पाकीट त्यांनीच काढलं. त्यांच्याच सहीची चिकटपट्टी, मधल्या काळात कोणी न उघडलेली. नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. कडेला तिळाएवढा घासलेला भाग – जुना, काळा पडलेला.

"चोरून घासलं होतं. अठ्ठावन्न आले. सिद्धांत माझ्या सरांचा होता, त्यांना वाईट वाटलं असतं, म्हणून गप्प बसलो." मग म्हणाले, "तू कोणासाठी बसलीस?"

अहवाल परत मागायला मी जिना चढले. फोटोत बाबा एकटेच आहेत.