पानातलं गोड

आई, आज तुझ्या तिथीचं पान माझ्या सुनेनं वाढलं. माझ्या गुडघ्यांनी असा दगा दिलाय की ओट्यापाशी घडीभर उभं राहवत नाही. विधी वगैरे दादा पुण्यात करतो. मी इथे कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये नुसतं तुझ्या नावाचं पान वाढते, तुला आवडायचं म्हणून श्रीखंड-पुरीचं. सून इथलीच, भोपाळची, घरात हिंदी बोलणारी. पोरगी गुणाची आहे, पण सकाळी विचारते काय, "मम्मीजी, मीठे में श्रीखंड ही रहेगा ना?" मुलगा त्याला स्वीट डिश म्हणतो. आणि पाच वर्षांची नात, दुधाचे दात पडायचेत अजून, ती म्हणते डेझर्ट! एका वाटीची किती बारशी करायची, सांग. "आज गोडाचं काय?" असं विचारणारी या घरात मी एकटी उरलेय. माझ्यामागे कुणी असं विचारणार नाही, हे आताशा मनाला फार लागतं.

मग मला इथल्याच इंद्रपुरीतलं आपलं क्वार्टर आठवतं. बाबा कारखान्यात, दादा नि मी शाळेत, आणि पुण्याहून आलेली तू, तुझं हिंदी म्हणजे नुसता आनंद. शेजारचे आंटी-अंकल पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आलेत. तू ताटं वाढतेस, श्रीखंडाची वाटी अर्थात ताटातच, वर गरम पुऱ्या. आंटी वाटी हळूच बाजूला सरकवतात. अंकलही सरकवतात. पुऱ्या बटाट्याच्या भाजीशी खातात, मसालेभात दोनदा घेतात, आणि श्रीखंडाला बोटही लावत नाहीत. तू आत कढईपाशी उभी. "आंबट झालंय का गं? चाखून बघ." मी चाखते. आंबट कसलं, छान झालंय. तुझे डोळे भरून येतात. "मग यांना आपलं अन्नच रुचत नाही. या गावात काही राम नाही, बाई." तेवढ्यात बाहेरून आंटींची हाक येते, "भाभीजी, आप भी आइए, अब मीठा खाएँगे!" जाऊन बघतो तर दोघं वाट्या पुसून खातायत. आणि तू? डोळे पदराला पुसून धावत नव्या पुऱ्या तळायला घेतल्यास, कारण श्रीखंड नुसतं का कुणी खातं? "अरे भाभीजी, मार ही डालोगी!" म्हणून अंकल हात जोडत होते.

पण खरी फजिती पुढच्या रविवारी झाली, त्यांच्याकडे. ताटात गोड दिसेना. तू मनात म्हणालीस, नसेल केलं, जाऊ दे. पोटभर जेवून, हात धुऊन आलीस, आणि मग आंटी खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या! ओल्या हातानं पुन्हा पाटावर बसलेली तू मला अजून दिसतेस. आपण घरी येईपर्यंत हसत होतो. त्यानंतर आंटी जेवायला आल्या की तू त्यांना दोनदा वाढायचीस. आधी ताटात चमचाभर, "ये हमारा गोडाचं," आणि शेवटी वाटीभर, "ये आपका मीठा." आम्हांला मात्र ही सवलत नव्हती. मी एकदा आंटींसारखी वाटी बाजूला सारली, तर केवढी कडाडलीस! "पानातलं गोड दूर लोटायचं नाही. पाहुण्यांची गोष्ट वेगळी."

तर आज सुनेनं पान वाढलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, सगळं मी सांगितलं तसं. फक्त श्रीखंड नाही. मी विचारलं तर म्हणते, "वो फ्रिज में है, मम्मीजी. नानीजी पहले खाना तो खा लें, फिर ठंडा-ठंडा देंगे." माझा पारा असा चढला म्हणतेस! तिथीचं पान, आणि त्यात गोड नाही? तोंडाशी आलं होतं सगळं, तुझ्याच आवाजात. पण तिच्याकडे बघितलं. ती पानासमोर मांडी घालून बसली होती, हातात पाण्याचा तांब्या, तू खरंच जेवते आहेस अशी. आई, इतकी वर्षं मी पान वाढलं ते रीत म्हणून. वाढायचं, नमस्कार करायचा, उचलायचं. तिनं तुला जेवायला बसवलं होतं.

मग मी तिला आंटींची गोष्ट सांगितली, तुझ्या ओल्या हातांसकट. ती खो-खो हसली, उठली, फ्रिजमधून श्रीखंड काढलं आणि तुझ्या पानात चमचाभर वाढलं. "नानीजी, ये आपका गोडाचं." थोड्या वेळानं वाटी भरून शेजारी ठेवली, "और ये हमारा मीठा." नात लगेच नाचायला लागली, "दादी, मुझे भी गोडाचं! फिर मीठा भी!" लबाड कुठली. डेझर्ट विसरली बघ. मला रडू आवरेना, आणि सून बिचारी घाबरून विचारतेय, "घुटना दुख रहा है क्या?" मी हो म्हटलं.

आता दुपार कलली आहे, सगळी झोपलीत आणि मी हे लिहीत बसलेय. टाकणार कुठल्या पेटीत? वेलदोड्याच्या डब्याखाली घडी करून ठेवीन झालं. एक राहिलं. तुझ्या धाकानं मी गोड जेवणाबरोबरच खायचे खरी, पण दर वेळी वाटीच्या तळाशी एक घास राखायचे, अगदी शेवटी खायला. मला शेवटीच आवडतं गं, आई. आणि आता वाटतं, तू माझी वाटी नेहमी सगळ्यांत शेवटी उचलायचीस, ते काय उगाच?